शिलाईतली माया

आमच्या घरात जून यायचा तो कापडाचे तागे घेऊन. खाकी, पांढरा, आकाशी. अण्णांचा शिंपीकामाचा धंदा. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बाजारपेठेच्या बोळात आठ बाय दहाचं दुकान, आणि वर्षाची निम्मी कमाई शाळेच्या गणवेशांवर. मे संपत आला की आया पोरांना हाताला धरून आणायच्या. अण्णा टेप लावायचे, पण वहीत लिहायचे तो आकडा टेपवरचा नसायचा. "वाढतं अंग आहे, माया ठेवतो," एवढंच म्हणायचे. पँटच्या पायाला दोन इंच, कुशीला एकेक इंच, फ्रॉकच्या तळाला तीन. पुढच्या जूनला तीच आई तोच कपडा घेऊन यायची. अण्णा टीप उसवून माया सोडायचे. जुन्या टिपेची रेघ काही दिवस दिसायची, मग धुण्यात निघून जायची.

गावातल्या पोरांची दोन-दोन वर्षांपुढची उंची ओळखणाऱ्या या माणसाला स्वतःच्या मुलीला बारावीनंतर कोणता कागद लागेल, ते माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली.

ही गोष्ट २००९ची. बारावी सायन्स झालं होतं, सीईटीही चांगली गेली होती. आदल्या वर्षीच्या कटऑफची यादी कुणाकडून तरी मिळवून मी पाठ केली होती. ओबीसीतून सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज मिळणार असा माझा हिशेब होता, आणि तो हिशेब चुकीचाही नव्हता. अर्ज भरायला जिल्ह्याच्या केंद्रावर मी एकटीच एसटीनं गेले. गणवेशांचा हंगाम असल्यानं अण्णांना मशीनवरून उठायला सवड नव्हती. टेबलापलीकडच्या साहेबांनी माझे कागद पत्ते पिसावेत तसे चाळले आणि विचारलं, "व्हॅलिडिटी?"

मी जातीचा दाखला पुढं सरकवला.

"हा दाखला झाला. व्हॅलिडिटी कुठाय?"

"हाच की सर."

"हा तहसीलचा दाखला. त्याची समितीकडून पडताळणी करून घ्यावी लागते. अर्ज कॉलेजातूनच जातो, बारावीच्या आधी. केला नाहीत?" मग मागच्या रांगेकडं बघत, आवाजात काहीही न आणता, "ओपनमधून भरा मग."

पुढं कळलं की कॉलेजनं नोटीस लावली होती, सायकल स्टँडशेजारच्या फळ्यावर. मी ती पाहिलीही होती. पण जातीचा दाखला तर आपल्याकडं आहे, म्हणजे ही सूचना ज्यांच्याकडं नाही त्यांच्यासाठी, असं मी मनाशी धरून चालले. त्या माणसावर किंवा कॉलेजवर राग धरावा असं काही नव्हतं. ज्यांच्या घरात आधी कुणी शिकलंय, त्यांना फळ्यावरच्या नोटिशीचा अर्थ जेवताना कळतो. आम्हाला तो रांगेत उभं राहून कळला.

ओपनच्या यादीत सरकारी जागा हुकली. खासगी कॉलेजची फी अण्णांनी गणवेशांत मोजली आणि वही मिटली. मी बी.एस्सी. केलं, गणित घेतलं, मग बी.एड. आज तालुक्यातल्याच एका हायस्कूलमध्ये गणित शिकवते. वाईट झालं असं म्हणणार नाही. पण आपण निवडलेलं वेगळं आणि वाट्याला आलेलं वेगळं.

प्रवेश गेला, तरी अण्णांनी तो कागद सोडला नाही. "लागतो ना? मग काढून ठेवू," म्हणाले. हंगाम सरल्यावर ऑगस्टात दुकानाला अर्धा दिवस कुलूप लावून आम्ही दोघं बाहेर पडायला लागलो. ओबीसींच्या पडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख महत्त्वाची. त्याआधीचा, बापाकडच्या रक्ताच्या नात्यातल्या कुणाचा तरी, जात लिहिलेला कागद पाहिजे. अण्णा शाळेत गेले १९६४ला. म्हणजे काम सोपं, असं वाटलं. शाळेच्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात गुरुजींनी लिहिलं होतं, 'हिंदू'. बस. वरच्या पोरापुढं हिंदू, खालच्यापुढं हिंदू. आजोबा तर शाळेतच गेले नव्हते.

मग राहिलं मूळ गावचं कोतवाल बुक. जन्म-मृत्यूची जुनी वही, गाव नमुना १४. ते तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये. तीन खेपा झाल्यावर एका शिपायानं लाल रुमालात बांधलेलं दप्तर टेबलावर आदळलं. धुळीनं मला शिंकांवर शिंका. अण्णांनी आधी कागदाकडं बघितलंच नाही. रुमालाचं टोक अंगठा आणि तर्जनीत धरून चोळलं. "खारवा," म्हणाले. "असला आता मिळत नाही." शिपाई हसला, आणि त्यानंतर आमच्याशी जरा माणसासारखं बोलायला लागला.

आत सगळं मोडीत. कचेरीत वाचणारं कुणी नाही. आमच्या पलीकडच्या गल्लीत एक निवृत्त गुरुजी होते, वय ऐंशीच्या घरात. त्यांना रिक्षानं आणलं. ते भिंग लावून पानं उलटत होते आणि आम्ही दोघं त्यांच्या बोटाकडं बघत होतो. मोडी म्हणजे हात न उचलता घातलेला धावदोरा, मला त्यात एकही अक्षर सुटं दिसेना. दुपारी दीडच्या सुमाराला बोट थांबलं. "मुलगा. बाप अमुक. जात शिंपी." सन १९३१. बाप म्हणजे माझे पणजोबा, आणि तो बिननावाचा मुलगा म्हणजे आजोबा. अण्णांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. गुरुजींनी पैसे घेतले नाहीत, म्हणून अण्णांनी त्यांना एक नेहरू शर्ट शिवून दिला. (२०२३मध्ये राज्यभर कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला, तेव्हा गुरुजी हयात नव्हते.)

त्या नोंदीला जोड म्हणून चुलत आजोबांच्या शाळेतला प्रवेश-निर्गम उतारा मिळाला. १९४८चा, त्यात मात्र स्वच्छ 'हिंदू शिंपी'. वंशावळीचं शपथपत्र झालं. मार्च २०१०मध्ये वैधता प्रमाणपत्र हातात आलं. मी तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची परीक्षा देत होते. अण्णांनी ते ट्रंकेत, आईच्या लग्नातल्या शालूखाली ठेवलं.

चौदा वर्षं ते तिथंच होतं.

दादाची मुलगी नववीत गेली ती २०२१ला. शाळा मोबाइलवर भरत होती आणि घरात सगळे तोंड पाडून बसलेले. मी माहेरी गेले होते. बोलता बोलता दादाला म्हटलं, हिची फाइल करायला घे.

"आत्ता कुठं नववीत आहे पोरगी. कसली फाइल?"

भाची तर थेट म्हणाली, "आत्या, मला काय व्हायचंय तेच मला माहीत नाही, आणि तू कागद काढायला सांगतेस."

म्हणून तर, असं म्हणणार होते. पण त्या वेळी मलाही ते नीट सांगता आलं नसतं. उलट मी चुकीचंच पाऊल उचललं. चार्टपेपरवर नववी ते बारावीचा तक्ता केला, रंगीत पेनांनी. कोणत्या महिन्यात कोणतं पुस्तक, कोणती सराव परीक्षा, कोणत्या वर्षी कुठला फाउंडेशन कोर्स. अगदी उजव्या कोपऱ्यात कॉलेजचं नावसुद्धा. नाव मला २००९ला हवं होतं त्याच कॉलेजचं. दोन महिन्यांनी गेले तर तक्त्याची उलटी बाजू वर करून वहिनीनं गव्हाच्या डब्यात घातली होती, आणि भाची माझ्यासमोर यायचं टाळत होती. अण्णा मशीनवरून मान न उचलता म्हणाले, "माप तुझं घेतलंस आणि कापड तिचं कापलंस."

त्या वाक्याचा मला राग आला, आणि तो आठवडाभर टिकला. मग तक्त्याचा विषय संपला. चौदा वर्षांच्या पोरीनं ध्येय ठरवावं, हा हट्टच मुळात खोटा. मोठ्या व्याख्यानांतून तो सांगितला जातो आणि पालक टाळ्या वाजवतात. या वयात ठरवायचं नसतं. नंतर ठरवता येईल एवढं कापड आत दुमडून ठेवायचं असतं. ती काय होणार हा प्रश्न मी सोडून दिला. तिची कोणती दारं आपल्या हलगर्जीपणानं बंद होऊ शकतात, एवढंच बघायला लागले.

पहिलं दार शाळेतच निघालं. मी स्वतः शिक्षिका, तरी घरच्या पोरीची जनरल रजिस्टरमधली नोंद कधी पाहिली नव्हती. पाहिली, तर वहिनीच्या नावातला एक काना गळालेला, आणि जन्मठिकाणापुढं फक्त गावाचं नाव. तालुका नाही, जिल्हा नाही. बघायला गेलं तर क्षुल्लक. पण हीच नोंद उतरते शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, तीच जाते बोर्डाकडं, तीच गुणपत्रिकेवर, आणि पुढं अधिवासाच्या दाखल्याला, जातीच्या दाखल्याला, आधारला, बँकेला जुळवून बघितली जाते. मूल शाळेत असेपर्यंत जन्मदाखला जोडून मुख्याध्यापकांमार्फत दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवता येतो. मूल शाळा सोडून गेलं की हेच काम पाचपट किचकट होतं. दर जूनमध्ये आमच्या शाळेच्या ऑफिसपुढं असे दोन-चार बाप उभे असतात, घाम पुसत. भाचीच्या दुरुस्तीला चार महिने लागले. दहावीचा फॉर्म भरल्यावर बोर्डाची प्री-लिस्ट आली, तेव्हा दादानं स्वतः शाळेत जाऊन काना मोजला.

सगळेच कागद मात्र आधी काढून चालत नाहीत, हे दादाला पटवायला वेळ लागला. एकदा त्याच्या डोक्यात फाइल शिरल्यावर तो दहावीतच उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमिलेअर काढायला निघाला. काही कागद लोणच्यासारखे मुरतात, काही दुधासारखे नासतात. जातीचा दाखला, अधिवास, वैधता हे एकदाच. नॉन-क्रीमिलेअरला मुदत असते, ३१ मार्चची. प्रवेशाच्या वर्षाला तो चालू असला पाहिजे. दहावीत काढलेला बारावीनंतर रद्दीत. सेतू केंद्रातला पोरगा हे सांगत नाही, तो पावती फाडतो.

खरी लढाई अकरावीच्या विषयांवर झाली. दहावीत भाचीला बरे गुण मिळाले, गणितात मात्र जेमतेम. सायन्स घ्यायचं, पण गणित सोडून. मैत्रिणींनी तसंच ठरवलेलं. "बायो घेते. फार्मसी, नर्सिंग, मेडिकल, सगळं होतं त्याच्यावर. गणित कशाला?"

मी गणिताची बाई, त्यामुळे माझं मत पक्षपाती धरलं गेलं. ते होतंही. पण मुद्दा माझ्या विषयाचा नव्हता. आपल्याकडं अकरावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेता येतात. घेतलेलं गणित पुढं मनातून सोडता येतं, न घेतलेलं बारावीत जोडता येत नाही. इंजिनिअरिंगच्या सीईटीत दोनशेपैकी शंभर गुण एकट्या गणिताचे. पन्नास प्रश्न, प्रत्येकी दोन गुण. हे दार सोळाव्या वर्षी मैत्रिणींच्या सोबतीसाठी लावून घ्यायचं का, एवढंच मी विचारत होते. ती रडली. वहिनी माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. शेवटी अण्णांनी विचारलं, "हे जादाचं किती जड होतंय?" भाची म्हणाली, "लई." मग ते म्हणाले, "मग एक वर्ष वागव. जड झालं तर उसवू."

वागवलं तिनं. फुकट नाही झालं ते. अकरावीच्या पहिल्या चाचणीत गणितात तिला पंचवीसपैकी सात होते आणि दोन विषयांचं ओझं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. माया ठेवली की कपडा आतून बोचतो, हेही खरं आहे. अण्णांच्या गिऱ्हाइकांची पोरं तशी तक्रार करायचीच. दोन्ही विषय सगळ्यांनी घ्यावेत असं मी म्हणणार नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलाला मी स्वतः आर्ट्सला जा म्हणून सांगितलंय.

तिच्या बरोबरीची बरीच मुलं तेव्हा 'इंटिग्रेटेड'च्या मागं होती. नाव एका ज्युनिअर कॉलेजात, बसायचं क्लासमध्ये, हजेरी कागदावर. आम्ही एक जागा बघून आलो. हॉस्टेल धरून दोन वर्षांचा जो आकडा सांगितला, तो ऐकून दादानं चहा अर्धाच ठेवला. भाची गावातल्याच ज्युनिअर कॉलेजात राहिली. तिथल्या भौतिकशास्त्राच्या सरांना शिकवायची हौस होती, हे तिचं नशीब. मी एवढंच बघितलं की अकरावी 'आरामाचं वर्ष' होऊ नये. सीईटीचे वीस टक्के प्रश्न अकरावीवर असतात आणि ऐंशी टक्के बारावीवर. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पाठ्यपुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. माझ्या मते बोर्डाचं पुस्तक ओळ न ओळ वाचणारं मूल अर्धी लढाई तिथंच जिंकतं. क्लासवाले हे सांगणार नाहीत, कारण मग त्यांच्या नोट्स कोण घेणार?

वैधतेचा अर्ज अकरावीचा निकाल लागताच कॉलेजमार्फत भरला. प्राचार्यांच्या सही-शिक्क्याची १५ अ नमुन्याची प्रत, शपथपत्रं, दाखले. नात्यातल्या पुराव्यात दादानं ट्रंक उघडून माझं प्रमाणपत्र काढलं. आत्याचं, म्हणजे बापाकडच्या रक्ताच्या नात्यातलं. १९३१चं मोडी पान आणि १९४८चा उतारा त्या एका कागदामागं आधीच तपासून झाले होते. रेकॉर्ड रूम नाही, भिंग नाही, रिक्षा नाही. बारावीची दिवाळी संपायच्या आत तिची वैधता आली. मला ज्या कागदासाठी आठ महिने गेले, तिला त्याची किंमतच कळली नाही. ते मला फार आवडलं.

आणि काय व्हायचं ते? नववीत ती नर्स होणार होती, दहावीत पोलीस, अकरावीत काहीच नाही. बारावीच्या हिवाळ्यात गावाबाहेर बायपासच्या पुलाचं काम सुरू झालं. ती रोज कॉलेजातून येताना सायकल थांबवून बघत बसायची. एकदा घरी येऊन म्हणाली, "आत्या, ते गर्डर चढवतात ना, ते कोण ठरवतं?" मला तिच्यासाठी कॉम्प्युटर हवा होता, बोलूनही दाखवलं. तिनं पसंतीक्रमात वरच्या सगळ्या जागा सिव्हिलच्या भरल्या. जीवशास्त्र तिनं बारावीला बोर्डापुरतं वाचलं आणि सोडलं. ती माया आतच राहिली.

२०२५च्या फेऱ्यांत तिला कऱ्हाडचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज मिळालं. मुलींसाठी शिक्षण शुल्काची माफी आदल्या वर्षीच, जुलै २०२४मध्ये, लागू झाली होती. आठ लाखांच्या आतलं उत्पन्न असलेल्या ओबीसी मुलींना त्यात हे शुल्क पूर्ण माफ. ही सवलत येणार हे नववीत कुणाला ठाऊक होतं? पण ती घ्यायला लागणारे कागद तयार होते.

प्रवेशाच्या दिवशी मी बरोबर गेले होते. काउंटरवरच्या बाईंनी मूळ कागद एकेक करून मागितले. "व्हॅलिडिटी?" माझ्या पोटात उगीच गोळा आला. भाचीनं न बघताच फाइलचा तिसरा कप्पा उघडला, कागद दिला, आणि माझ्याकडं वळून विचारलं, "आत्या, मेसचे पैसे आजच भरायचे का?"

दादाचा धाकटा आता आठवीत आहे. त्याला काय व्हायचंय ते कुणी विचारत नाही. गेल्या महिन्यात दादा फक्त शाळेत जाऊन रजिस्टर बघून आला. तुमच्या घरात कुणी आठवी-नववीत असेल तर तुम्हीही या आठवड्यात एकदा शाळेत जा. दाखल्याच्या झेरॉक्सवर विसंबू नका. जनरल रजिस्टर उघडायला लावा, आणि आईचं नाव, जन्मठिकाण आणि जातीचा रकाना स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. जाताना मुलाचा जन्मदाखला बरोबर न्या.